हळद पाहून घेतलेले दिवे

प्रिय आश्लेषा,

तुला आणि सियाला आम्हा दोघांचे भरघोस आशीर्वाद. पाकीट बघून घाबरू नकोस, तब्येती ठणठणीत आहेत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे आणि माझी जीभ अधूनमधून कुरकुरतात, पण ती जुनीच दुखणी. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर काही महत्त्वाचं बोलायची वेळ आली की मी आमच्या इथल्या, ईडन प्रेरीच्या हवेबद्दल बोलायला लागतो, हे तुला लग्न झाल्यापासून माहीत आहे. शोभना म्हणाली, ‘तुम्ही लिहाच. कागदावर निदान खोडता तरी येतं.’ म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठाण मांडून बसलोय. खिडकीबाहेर मेपलची पानं लाल व्हायला लागली आहेत. बघ, आलीच हवा.

ऑगस्टमध्ये तू फोनवर म्हणालीस, ‘बाबा, कॅम्पर सेल करून टाकता का? उगाच तुमची जागा अडवून बसलीय.’ आपल्या परीक्षितने हौसेने घेतलेली, आत पलंग आणि गॅस असलेली ती सेकंडहँड गाडी, तो गेल्यापासून तीन हिवाळे आमच्या गॅरेजशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. तू नोकरीसाठी सियाला घेऊन ह्यूस्टनजवळ शुगर लँडला गेलीस तेव्हा गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाली होतीस, ‘राहू दे इथेच, बघू पुढे.’ आता ते पुढे काय ते तुझं बघून झालंय, एवढं मला समजलं. का विकायची ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. ‘हो हो, करतो’ म्हणालो आणि पाऊस किती झाला ते सांगितलं. तर बाई, गाडी अजून इथेच आहे. जाहिरातसुद्धा टाकलेली नाही. तू मनात म्हणत असशील, म्हाताऱ्याने काम अंगाबाहेर टाकलं. तसं नाही. काम केलं, पण ते भलतीकडेच गेलं.

झालं असं, की विकायची म्हणजे आधी जरा झाडूनपुसून घ्यावी म्हणून ताडपत्री काढली. बॅटऱ्या मी अधूनमधून चार्ज करत होतो, त्यामुळे इंजिन बिचारं लगेच सुरू झालं. पण आत दिवा लावला तर नुसता मिणमिणता पिवळा उजेड. ते जुने बल्ब तापतात किती, तुला आठवतंय ना? त्यांच्यावरची प्लॅस्टिकची झाकणं भाजून करपल्या भाकरीच्या रंगाची झाली होती. शोभना आत डोकावून म्हणाली, ‘इथे घेणाऱ्याला गाडी दिसली तर तो घेईल.’ मी ठरवलं, सगळे बल्ब काढून एलईडी बसवायचे. उजेड जास्त, ताप नाही, आणि मागच्या बॅटरीवर भार तर अगदीच कमी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींची वीज वाचवायची नोकरी केली, आपल्या गाडीचं कधी सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बॅटरीवरून ती सुपीरियर लेकवरची ट्रिप आठवली. सिया तीन वर्षांची, तिला अंधाराची भीती, म्हणून परीक्षितने तिच्या डोक्यावरचा दिवा चालूच ठेवला आणि सकाळी बॅटरी ठार. हीटरचा पंखासुद्धा फिरेना. आपण पाचही जण एका गोधडीत, नाकं लाल झालेली, आणि हा मुलगा हसतोय. मी त्याला बॅटरीवर व्याख्यान देत होतो आणि तू गोधडीतून फक्त हात बाहेर काढून मला चहा दिलास, मी गप्प बसावं म्हणून. त्यानंतर आपल्या घरापुढे गाडी उभी असली तरी तो गॅरेजच्या खिडकीतून ती नारिंगी वायर ओढून गाडीला चार्जिंगला लावून ठेवायचा. शेजारचे विचारायचे, गाडीला सलाईन लावलंय का. ती वायर अजून आहे. खिळ्याला गुंडाळून ठेवलेली आहे.

तर बल्ब मागवले. मी आपला हिशेबी माणूस, ज्याचा उजेड सगळ्यात जास्त तो घेतला, कूल व्हाइट. बसवले आणि बटण दाबलं, तर आत दाताचा दवाखाना! मला तोंड उघडून बसावंसं वाटलं. मी तरी म्हणालो, छान आहे, सवय होईल. शोभना घरात गेली आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. तिच्या आईची ती चांदीची कोयरी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. कॅम्परमधल्या टेबलावर तिने ती दिव्याखाली उघडून ठेवली आणि मला म्हणाली, ‘बघा.’ हळद आजारी माणसासारखी फिकट हिरवट दिसत होती आणि कुंकू जांभळं. मी म्हणालो, अगं, उजेड मोजायला मीटर असतं. ती म्हणाली, ‘माझं मीटर हेच. ज्या दिव्यात हळद हळदीसारखी दिसत नाही, तो दिवा मला नको.’ मला वाटलं, पिठलं पांढरं दिसेल म्हणून ही हटून बसली असेल. स्वयंपाकाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बल्ब परत पाठवले.

दुसऱ्या खेपेला वॉर्म व्हाइट, म्हणजे जरा पिवळसर उजेडाचे आणले. हे तर पेटेचनात! एखाददुसरा पेटला, बाकी सगळे ढिम्म. मी सगळी तपासणी केली, फ्यूज बघितला, वायरी बघितल्या, विकणाऱ्याचा उद्धार केला आणि माल खराब आहे असा निकाल देऊन निम्मे खोक्यात भरूनही टाकले. नाचता येईना, अंगण वाकडं. तेवढ्यात तुमचा रविवारचा व्हिडिओ कॉल आला. मी सियाला दाखवावं म्हणून फोन छताकडे फिरवला, तर ती म्हणाली, ‘आबा, व्हाय इज इट स्टिल डार्क?’ आणि तिच्या पाठीमागून कोणीतरी पुरुष हळूच, स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘सिया, आबांना सांग, एकदा बल्ब काढून उलटा फिरवून लावून बघा.’ लगेच आमची नात मोठ्या अधिकाराने ओरडली, ‘आबा, फ्लिप इट! केदार अंकल सेज फ्लिप इट!’

एलईडीला प्लस-मायनस असतं, आश्लेषा. जुना बल्ब कसाही बसवला तरी पेटतो, परत पाठवलेलेही तसलेच होते, हा मात्र एका बाजूनेच पेटतो. हे मी जन्मभर लोकांना शिकवलं आणि माझ्या हातात बल्ब आल्यावर विसरलो. फिरवून बसवला आणि लख्ख उजेड पडला. भर दुपार होती, तरी शोभनाने हातातलं फडकं खाली ठेवून दिव्याला नमस्कार केला. तिला सवयच आहे, दिवा लागला की हात जोडायचे, मग तो देवापुढचा असो नाहीतर बाथरूममधला. सियाने तिकडून केला. लहानपणी ती फ्रिज उघडला की आतल्या दिव्याला नमस्कार करायची, तो आठवला. आणि त्याच वेळी मला पडद्याच्या कडेला निळ्या शर्टाच्या दोन बाह्या दिसल्या, त्यांच्या टोकाला जोडलेले दोन हात. चेहरा दिसला नाही.

मग तू घाईघाईने फोन घेतलास. म्हणालीस, ‘बाबा, ऑफिसमधला फ्रेंड आहे, शेल्फ फिक्स करायला आलाय.’ आणि त्यापुढे तू मला ह्यूस्टनमध्ये किती दमट आहे, किती वाजता पाऊस येतो, काल वीज कशी गेली, हे सगळं न विचारता सांगितलंस. इतकी वर्षं हवामान सांगायचं काम माझं होतं. तू ते सांगायला लागलीस तेव्हा मला कळलं.

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. राग नाही आला. फोन ठेवला आणि तसाच कॅम्परच्या पायरीवर बसून राहिलो. मनात येत होतं, आता ही पोरगी हळूहळू फोन कमी करेल, मग दिवाळीला एक मेसेज, सियाच्या वाढदिवसाला एक फोटो. मुलगा गेला तेव्हा सून आणि नात होती. आता त्या दोघींवर आपला काय हक्क? शोभना शेजारी येऊन बसली. मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर म्हणते, ‘मला एप्रिलपासून माहीत आहे. सिया सांगते ना. त्याचे पॅनकेक तुमच्यापेक्षा चांगले असतात म्हणे.’ मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, ‘तिने आपल्याला सांगायच्या आधी मी कशी बोलू?’ आणि मग म्हणाली, ‘अहो, ती अडतीस वर्षांची आहे. तुम्ही अडतीसाव्या वर्षी घरात पाऊल टाकलं की विचारायचात, आज जेवायला काय आहे. तिने संध्याकाळी घरी येऊन काय विचारायचं, आणि कोणाला?’

दुसऱ्या दिवशी राहिलेले बल्ब बदलायला घेतले. सगळे झाले, फक्त मागच्या पलंगाच्या उशाचा राहिला. परीक्षित ज्या दिव्यात वाचत पडायचा, तो. मी त्याच्यापाशी दोनदा गेलो आणि दोनदा स्क्रूड्रायव्हर सापडत नाही म्हणून परत आलो. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात होता. शोभनाने तो खिशातून काढून घेतला, गुडघ्यांची पर्वा न करता पलंगावर चढली, झाकण उघडलं आणि जुना बल्ब काढला. जरा वेळ हातात धरला. मला वाटलं आता ही कुठेतरी डब्यात जपून ठेवणार. तिने तो बाकीच्या जुन्या बल्बांबरोबर टाकून दिला आणि म्हणाली, ‘हा तापतो. सिया आता इथे झोपेल, तिचा हात लागेल.’ नवा बल्ब तिने पहिल्याच झटक्यात सुलटा बसवला. मग पलंगावरच बसून रडली. मीही रडलो. तीन वर्षांत आम्ही दोघं एकत्र असे कधी रडलो नव्हतो, ती देवघरात रडायची आणि मी गॅरेजमध्ये. त्यानंतर आम्ही तिथेच गॅसवर चहा केला, दोघांनाही बरं वाटलं.

चहा पिताना तिने पुन्हा ती कोयरी उघडली. नव्या दिव्यात हळद छान पिवळीधमक दिसत होती. ती बघत बसली आणि मला मराठी मंडळातल्या त्या संक्रांतीची आठवण करून दिली. परीक्षित गेल्यानंतरची पहिली. तू नको म्हणत होतीस, शोभनानेच तुला आग्रहाने नेलं होतं, चार बायकांत बरं वाटेल म्हणून. रांगेत हळदीकुंकू देत आलेल्या बाई तुझ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि तुला टाळून पुढच्या बाईकडे गेल्या. तू हात पुढे केला होतास, तो तसाच केसांकडे नेलास, केस सारखे करत असल्यासारखा. हे मला शोभनाने आता सांगितलं. मला इतकंच माहीत होतं, की त्या वर्षापासून आपल्याकडचं हळदीकुंकू बंद झालं. मी विचारलं की ती गुडघे दुखतात म्हणायची. आश्लेषा, गुडघ्यांमुळे नाही बंद झालं. ज्या हळदीला तू चालत नाहीस ती तिला चालत नव्हती.

मग मी न राहवून नागपूरला तुझ्या बाबांना फोन लावला. राजारामराव आधी आढेवेढे घेत होते, मग एकदम भडाभडा बोलले. तुझं आणि केदारचं लग्न नोव्हेंबरात करायचं ठरलं आहे. तुझ्या आईबाबांना व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळत नाही, म्हणून ते दोघं येऊ शकत नाहीत. तू म्हणालीस म्हणे, मग कशाला काही करायचं, कोर्टात जाऊन सह्या करू, हळद नको, मुंडावळ्या नकोत, कोणी नको. आणि आम्हाला सांगायचं तुझ्या जिवावर आलंय. तू त्यांना म्हणालीस, ‘परीक्षितच्या आईबाबांना मी माझ्या दुसऱ्या लग्नाला कोणत्या तोंडाने बोलावू? आणि ते आले तर राहतील कुठे, केदारच्या घरात?’ त्यांच्यावर रागावू नकोस. बाप माणूस आहे, किती दिवस एकटा पोटात ठेवणार. मी त्यांना एक गोष्ट विचारली आणि ते हो म्हणाले. म्हणाले, ‘व्याहीबुवा, तुम्ही तिथं हाव ना, मंग मी हावच समजा.’ एवढं बोलून फोन त्यांनी तुझ्या आईकडे दिला.

तर आता हे पत्र कशासाठी, ते. बोलावलंस तर आम्ही येतो, आणि परीक्षितचे आईवडील म्हणून नाही, तुझ्या माहेरची माणसं म्हणून. आयोवा, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा करत, रोज थोडं थोडं, कॅम्परनेच. राहायचं कुठे याची काळजी तू करायची नाहीस, आमचं घर आमच्या पाठीवर आहे. नवे दिवे रात्रंदिवस लावून बघितले, बॅटरी दमत नाही, त्यामुळे तुमच्या घरातून वीजसुद्धा घ्यावी लागणार नाही. ती नारिंगी वायर मी मुद्दाम इथेच खिळ्याला ठेवून येणार आहे. केदारला मात्र नीट विचार, घर त्याचंही आहे. आणि घरापुढे कॅम्पर उभी केली की हरकत घेणाऱ्या कॉलनीच्या असोसिएशनवाल्यांना काय सांगायचं ते त्यालाच ठरवू दे, उलटं सुलटं त्याला बरोबर कळतं. तुझ्या मनात नसेल तर फक्त ‘विका’ एवढं कळव, मी गाडी विकेन आणि कधी कारण विचारणार नाही, आशीर्वाद आहेत तेवढेच राहतील. पण मनात असेल तर सह्या करायला जायच्या आधी, सकाळी, जुनी साडी नेसून कॅम्परमध्ये ये. शोभनाने हळकुंडं आणून ठेवली आहेत, ती स्वतः कुटणार आहे, गुडघ्यांसकट. तुझ्या आईच्या जागी तुला हळद ती लावेल. त्या दिव्यांत हळद कशी दिसते, ते आम्ही आधीच बघून ठेवलं आहे.

तुझेच,
बाबा